भरलेल्या नांग्या

३ डिसेंबर १९९०, सोमवार

लॅबच्या वहीत आकडे सोडून दुसरं काही लिहायचं नाही, असा सरोज मॅडमचा दंडक आहे. मत, शंका आणि कुरकुर यांना त्यांच्या राज्यात थारा नाही. म्हणून आज बावीस सेक्टरातून ही वेगळी वही आणली. माझं कुरकुरीवाचून भागत नाही.

पहिली पीएचडी पुण्यात सोडली, कारण श्रीनिवासची बदली झाली. दुसरी जोरहाटला सुरू होता होता राहिली. ही तिसरी, इथे चंडीगढला. वायुदलातल्या माणसाशी लग्न केलं तेव्हा सांगलीत सगळ्यांना निळ्या युनिफॉर्मचं कौतुक होतं. दर तीन वर्षांनी ट्रंका बांधायच्या असतात हे कोणी बोललं नव्हतं. येत्या जूनमध्ये इथूनही हलायचं आहे. मी एकोणचाळीस वर्षांची झाले. जूनच्या आत प्रबंध दिला नाही तर चौथ्यांदा मला कोणी दारात उभं करणार नाही.

काम टोमॅटोचं आहे. जमिनीतले सूत्रकृमी मुळांत शिरतात, मुळांना गाठी येतात, झाड खंगतं. एका परदेशी वाणात या किडीला दाद न देणारा गुण आहे. तो आपल्या देशी वाणात आणायचा, तर प्रत्येक रोप किडीच्या मातीत लावून, चार महिने थांबून, उपटून मुळं बघावी लागतात. त्याऐवजी पानाचा रस स्टार्चच्या जेलमध्ये विजेच्या प्रवाहाने पळवला, की एका एन्झाइमची पट्टी दिसते. या एन्झाइमचा जीन त्या गुणाच्या जीनला अगदी खेटून असतो आणि दोघं सहसा जोडीनेच पुढच्या पिढीत जातात. श्रीनिवासला हे सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे गुन्हेगार दिसत नाही, पण त्याचा शेजारी दिसतो.” मी म्हटलं, गुन्हेगार नाही, पाहुणा. बाकी बरोबर.

ही पट्टी आपल्या मातीत भरवशाची आहे का, एवढंच मला दाखवायचं आहे. एकशेवीस रोपं, एकशेवीस पानं आणि मग एकशेवीस मुळं. बस्स.

१७ डिसेंबर, सोमवार

मुल्लानपूरच्या शेतावर रोपं लावून झाली. बारा ओळी, ओळीत दहा, प्रत्येकापाशी लाकडी खुंटी आणि तिच्यावर नंबर. सभोवार हद्दीची ओळ देशी वाणाची.

लावणी करनैल सिंगने केली. पन्नाशीचा आहे, शेतावर अकरा वर्षं रोजंदारीवर आहे आणि अजून कायम झालेला नाही. घर बटाल्याकडच्या खेड्यात, इथे शेतावरच्या खोलीत एकटा राहतो. दोरी न लावता ओळ सरळ आणतो. ती सरळ आहे की नाही हे मी दोरी लावून पाहिलं. तो हसला नाही, पण हसला असता.

इथे जानेवारीत रात्री दव गोठतं आणि टोमॅटो एका रात्रीत काळा पडतो. म्हणून संध्याकाळी सरकंड्याच्या गवताचे तट्टे रोपांवर टाकायचे आणि सकाळी ऊन आलं की काढायचे. हे काम रोजचं, एकही दिवस न चुकवता. करनैलला तीनदा बजावलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “मैडम, मेरे होते कुछ नहीं होगा.”

७ जानेवारी १९९१, सोमवार

आज शेवटची जेल निघाली. एकशेवीस पूर्ण. अठ्ठ्याऐंशी रोपांत परदेशी वाणाची पट्टी आहे, बत्तिसांत फक्त देशी. कागदावर जे प्रमाण यायला हवं, जवळजवळ तेच. मधे दोनदा वीज गेली तेव्हा मी फ्रिजच्या दारावर पाठ टेकून उभी होते, जणू त्याने थंडी आत राहणार होती. पण पट्ट्या रेखीव आल्या. मला नाचावंसं वाटत होतं.

नेमका तेव्हा करनैल लॅबमध्ये आला. तो इथे कधी येत नाही. पायातले बूट दाराबाहेर काढून उभा. त्याच्या धाकट्या भावाला, बलकारला, शुक्रवारी पोलिसांनी गावातल्या ट्यूबवेलवरून उचललं म्हणे. कुठल्या ठाण्यात नेलं ते कोणी सांगत नाही. साहेबांनी एक फोन केला तर बरं होईल. मी म्हटलं, साहेब विमानांचे इंजिनिअर आहेत, पोलिसांचा आणि वायुदलाचा काय संबंध? तो म्हणाला, “वर्दी तो है जी.” मग रजा मागितली. मी म्हटलं, या आठवड्यात तरी नको, थंडी वाढते आहे, तट्टे कोण टाकणार? तो “अच्छा जी” म्हणून गेला. फोनचं बघते, असं मी म्हटलं होतं.

या लोकांना वाटतं, घरात एक युनिफॉर्म असला की सगळी दारं उघडतात.

संध्याकाळी श्रीनिवासला जेलचा फोटो दाखवला. त्याने मनापासून पाहिला.

९ जानेवारी, बुधवार

बंद. खरड गावाच्या बाजूला गोळीबार झाला, त्यामुळे मुल्लानपूरच्या रस्त्यावर जायचं नाही असं वायुदलाच्या स्टेशनवरून सगळ्या कुटुंबांना कळवलं आहे. श्रीनिवासने स्कूटरची किल्लीच खिशात घातली. मी चिडले, मग आकडे पुन्हा तपासले.

१२ जानेवारी, शनिवार

बाल्कनीतल्या बादलीत सकाळी पाण्यावर पापुद्रा होता. रस्ता अजून बंदच. शेतावर करनैल आहे म्हणून निर्धास्त आहे.

१५ जानेवारी, मंगळवार

नऊ दिवसांनी शेतावर गेले. जीव मुठीत धरून गेले आणि बघते तर बाराच्या बारा ओळी भरलेल्या, एकही खुंटी रिकामी नाही. काही रोपं थोडी मलूल होती, पण एवढ्या थंडीत चालायचंच. शेजारच्या प्लॉटमधली वांगी मात्र साफ जळाली आहेत. मी करनैलला शाबासकी दिली.

तो रुसलेला असावा. रजा नाकारली त्याचा राग. विचारलेल्याला उशिरा उत्तर देत होता, डोळे लाल, पगडीही धड बांधलेली नव्हती. या वयात दारू सुरू केली की काय, कोण जाणे.

पंधरवड्याचं मस्टर भरलं. आम्ही सगळेच ते एका बैठकीत भरतो. पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत ‘हजर’ लिहीत जायचं आणि खाली सही. करनैल शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, “पूरे लिख दिए?” मी म्हटलं, पूरे. तो काही बोलणार होता, पण बोलला नाही. आभार मानायचे असतील.

२ मार्च, शनिवार

बदलीचं पत्र आलं, बंगलोर, दहा जून. प्रबंधाची तीन प्रकरणं लिहून झाली आहेत. निकालाचं प्रकरण सोडलं तर सगळं तयार आहे, म्हणजे लग्नाची सगळी तयारी झाली आहे आणि फक्त नवरा यायचा आहे.

करनैलने दोन दिवस सुटी मागितली, हायकोर्टात वकिलाकडे जायचं म्हणून. यांचे जमिनीचे तंटे कधी संपत नाहीत. दिली.

८ एप्रिल, सोमवार

सगळं बुडालं.

सकाळी सातपासून रोपं उपटली. मुळं बादलीत धुवायची, गाठी बघायच्या आणि एक पान पिशवीत घालून फ्रिजसाठी ठेवायचं. बत्तीस झाडांना गाठी निघायला हव्या होत्या. निघाल्या त्रेसष्टांना. ज्यांच्यात परदेशी पट्टी होती अशा अठ्ठ्याऐंशींपैकी एकतीस झाडांची मुळं आल्याच्या गड्ड्यासारखी गाठाळलेली. एक-दोन असती तर जीनची ताटातूट झाली म्हटलं असतं. एकतीस म्हणजे माझी पट्टी काही कामाची नाही.

करनैल मुळं धुवत होता. मी मोठ्याने आकडे सांगत होते आणि तो मान वर करत नव्हता. घरी येऊन न जेवता पडले.

१० एप्रिल, बुधवार

सरोज मॅडमना सांगितलं. सरोज भल्ला यांचं वय अठ्ठावन्न, आवाज परेडवरचा आणि न्याय कडक. मला वाटलं, आता मला बाहेरचा रस्ता दाखवतील. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं की एप्रिलची पानं ठेवली आहेत ना? ठेवली आहेत. मग आधी ती चालवा, रडायचं नंतर. मला हे सुचलं नव्हतं याची लाज वाटली.

१२ एप्रिल, शुक्रवार

एकतीस पानं चालवली. एकतीसच्या एकतीस पानांत फक्त देशी पट्टी.

डिसेंबरात ज्या झाडात परदेशी पट्टी होती, ती एप्रिलमध्ये कशी नाहीशी होईल? जन्मभर झाडाचा जीन बदलत नाही. मग खुंटी तीच आहे आणि झाड दुसरं आहे.

माझे वडील शेती करायचे. रोप मेलं की ओळीत जी रिकामी जागा राहते तिला आमच्याकडे नांगी म्हणतात, आणि मागाहून दुसरं रोप लावणं म्हणजे नांग्या भरणं. चांगला शेतकरी आठवड्याच्या आत नांग्या भरतो. मी लहानपणी स्वतः भरल्या आहेत. शास्त्रज्ञ झाले आणि हे पार विसरून गेले.

१५ एप्रिल, सोमवार

शेतावर जाऊन करनैलला सरळ विचारलं. मनात ओरडायचं ठरवून गेले होते. त्याने लगेच कबूल केलं, जणू कोणी विचारायचीच वाट पाहत होता.

एक्केचाळीस रोपं मेली होती. त्याने आपल्या खोलीच्या आडोशाला हद्दीसाठी वाढवलेल्या वाफ्यातली देशी रोपं, उंचीला उंची जुळवून, एकाच दुपारी लावली. कुठली ते त्याला तोंडपाठ होतं. ओळीच्या टोकाला उभा राहून बोट दाखवत गेला आणि मी नंबर लिहीत गेले. वहीशी ताडून पाहिलं. एकतीस नंबर माझेच होते. उरलेल्या दहांची पट्टी मुळातच देशी होती, त्यामुळे जेलला बदल कळणं शक्य नव्हतं. माणसाने एकाही नंबराची चूक केली नाही.

मी विचारलं, हे का केलंस? तो गोंधळला. दर वर्षी सव्वीस जानेवारीला मोठे साहेब शेत बघायला येतात आणि ओळीत खाली जागा दिसली की शिव्या त्याला बसतात. “मैडम, ख़ाली जगह कैसे छोड़ता?”

आणि रोपं मेलीच कशी? मग ते बाहेर आलं. सात तारखेला माझ्याकडून गेला तो आठच्या पहाटे गावी गेला आणि चौदाला परतला. सहा दिवस तट्टे बघायला कोणी नव्हतं; वाऱ्याने जिथले उडाले तिथली रोपं गेली. तो ठाण्याठाण्यांतून भावाला शोधत हिंडत होता. दहा तारखेला एका ठाण्याच्या मागच्या खिडकीतून त्याला बलकार दिसला. बोलला. खिडकीतून पोळ्या आणि आपला स्वेटर आत दिला. दुसऱ्या दिवशी तिथे असा कोणी नव्हताच, असं सांगण्यात आलं. महिन्याने पेपरात आलं की बलकार नावाचा अतिरेकी आठ जानेवारीच्या रात्री चकमकीत मारला गेला. बलकार एकोणतीस वर्षांचा होता आणि गावात पिठाची चक्की चालवायचा.

मी म्हटलं, मस्टरवर तू हजर आहेस, ते तसंच राहू दे, तुला त्रास होणार नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “थीसिस में लिख दो, फ्रॉस्ट से इकतालीस पौधे मरे, हटा दिए.” उरलेल्या एकोणऐंशींत एकही अपवाद नाही. परदेशी पट्टीची सत्तावन्न झाडं निर्मळ, देशीची बावीस गाठाळलेली. पट्टी भरवशाची आहे. प्रबंध होतो आहे. घरी येऊन शिरा केला. करनैलबद्दल वाईट वाटत होतं, तरीही केला.

२ मे, गुरुवार

प्रबंध टायपिंगला दिला आणि परत आले तर लॅबच्या बाकावर करनैल, बरोबर काळ्या कोटातले एक गृहस्थ. श्यामसुंदर वकील. फी न घेता करनैलची याचिका चालवत आहेत.

करनैलने कोर्टात सांगितलं आहे की मी भावाला दहा जानेवारीला ठाण्यात जिवंत पाहिलं. ते खरं ठरलं तर आठ तारखेची चकमक खोटी ठरते. पोलिसांनी उत्तरादाखल एक कागद लावला आहे. हा माणूस एक ते पंधरा जानेवारी चंडीगढमध्ये कामावर हजर होता, रोज. खाली माझी सही.

ती प्रत कोणी, कुठून मिळवली कोण जाणे. माझं अक्षर इतकं सुबक आहे की त्यावर संशय घ्यायला जागाच नाही. आणि मी समजत होते, या सहीने त्याचं भलं होतंय.

वकिलांनी विचारलं, तो त्या दिवसांत इथे नव्हता याचा तुमच्याकडे काही पुरावा आहे का? मी म्हटलं, आहे. एकतीस पुरावे आहेत. दोन्ही महिन्यांच्या जेलचे फोटो काढून टेबलावर मांडले. मांडताना हात थांबले नाहीत.

३ मे, शुक्रवार

श्रीनिवासला सगळं सांगितलं. खोटं मस्टर भरणं म्हणजे सरकारी कागदात खोटं लिहिणं, आणि मी ते प्रतिज्ञेवर कबूल करणार, हे त्याला लगेच कळलं. तो चहाचा कप फिरवत बसला. बायको पोलिसांविरुद्ध कोर्टात गेली तर वरून काय येईल त्याचा तो विचार करत असणार. शेवटी म्हणाला, ते मी बघून घेईन, तू तुझं बघ.

मग म्हणाला, “पण त्याने जानेवारीतच का नाही सांगितलं? तिकडच्या जिल्ह्यातला मोठा अधिकारी माझ्या ओळखीचा आहे. दहा तारखेपर्यंत तो जिवंत होता म्हणतेस. मी निदान फोन केला असता.”

मी म्हटलं, “सांगितलं होतं. मला. सात तारखेला.”

त्याने मला एक शब्दही लावला नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. रात्रभर मी स्वतःची बाजू मांडत होते. मला ठाऊक नव्हतं. माझी जेल त्याच दिवशी निघाली होती. मी विसरले. सगळं खरं आहे आणि एकानेही काही होत नाही. मला माझी शरम वाटते.

६ मे, सोमवार

सरोज मॅडमकडे गेले. त्या चिडल्या नाहीत, हे अधिक कठीण गेलं. म्हणाल्या, प्रतिज्ञापत्र कोर्टात गेलं की विभागाला चौकशी नेमावी लागेल, चौकशी संपेपर्यंत तुझा प्रबंध स्वीकारता येणार नाही, आणि चौकशी जूनपर्यंत संपत नाही. त्यापुढे तू इथे नसशील. हे सगळं त्यांनी एका दमात, कागद वाचावा तसं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुम्हारा रिज़ल्ट बिल्कुल सही है, शालिनी. यही अफ़सोस है.”

मी विचारलं, तुम्ही काय केलं असतं? टायपिस्टकडून परत आणलेली प्रबंधाची प्रत त्यांनी माझ्या हातून घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. फेकली नाही.

९ मे, गुरुवार

हायकोर्टाबाहेर झाडाखाली टायपिस्ट बसतात. श्यामसुंदर वकील सांगत होते, टायपिस्ट बडवत होता, करनैल माझ्या मागे उभा होता.

मस्टर मी एका दिवशी, न बघता भरलं. करनैल सिंग शेतावर आहे की नाही, हे पाहायला आठ ते चौदा तारखेत मी गेले नव्हते. सात तारखेला त्याने मला भावाला नेल्याचं सांगितलं होतं. हे वाक्य वकिलांच्या मसुद्यात नव्हतं, ते मी घालायला लावलं. सोबत एक्केचाळीस झाडांची यादी, पट्ट्यांचे फोटो आणि ते कसे वाचायचे त्याची दोन पानं. ती दोन पानं मी चार वेळा लिहून काढली. जज्जसाहेबांनी जेल कधी पाहिलेली नसणार, तेव्हा कुठेही अडायला नको. प्रबंधातलं एकही पान मी इतक्या मेहनतीने लिहिलेलं नाही.

सही करायच्या आधी करनैलने विचारलं की काय लिहिलंय ते वाचून दाखवाल का. मी हिंदीत सांगत गेले. तो सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, “मैडम, ये भी लिख दो कि दस तारीख को वो ज़िंदा था.”

मी त्याला सांगितलं, ते मला लिहिता येत नाही, कारण ते मी पाहिलेलं नाही. मला एवढंच लिहिता येतं की त्या दिवशी तू शेतात नव्हतास. तू कुठे होतास ते आणि कोण दिसला ते तुलाच सांगायचं आहे.

त्याने मान हलवली. मग पगडी सारखी केली आणि विचारलं, आत कोणत्या दाराने जायचं.